सगळ्या कॅम्पचं 'हो'

रवि., २ नोव्हें., रियाध

फहदसाहेबांनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. "उस्ताझा," (इथे वकिलिणीला असंच म्हणतात) "जुबैलच्या कंत्राटदाराचं कायदेशीर ओपिनियन या वेळी तुमच्या सहीने जाईल." इतकी वर्षं मसुदा माझा, सही त्यांची. आनंद झाला. लगेच फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचली.

प्रकरण असं: कामगारांच्या बसच्या दाराशी कॅमेरा. चेहरा, डोळे बघून एआय ठरवणार, माणूस थकलाय का. थकलेल्याला प्लांटवर न्यायचं नाही. हेतू चांगला, ब्रोशर त्याहून चांगलं. प्रश्न एकच, चेहरा वापरायला कामगारांची खरी संमती आहे का. ती घ्यायची रीत मीच आखून दिली होती. फोनवर ॲप, त्यात हिंदी-उर्दू-बंगालीत मजकूर, 'हो' आणि 'नाही'ची सारखीच बटणं, ज्याच्या त्याच्या फोनवर ओटीपी. फार हुशारी वाटली होती तेव्हा.

माझे रशीदमामू त्याच कामगारांच्या कॅम्पचे सुपरवायझर. फहदसाहेबांना हे आधीच सांगून टाकलंय. म्हणाले, नातेवाईक सगळ्यांनाच असतात.

मंगळ., ४

संमत्या आल्या. झाडून सगळे 'हो'. एकही नकार नाही. क्लायंट खूश, फ. खूश. मी आपली खुर्चीत चुळबुळतेय. आमच्या गावच्या जमातीत विहिरीच्या पंपावरून अजून एकमत झालेलं नाही, आणि इथे अख्खा कॅम्प एका जेवणाच्या सुट्टीत राजी?

साराला विचारलं, ॲपवर 'आय ॲग्री' येतं ते वाचतेस का? "मम्मा, नोबडी रीड्स." लेक वकिलाची.

शुक्र., ७, जुबैल

मामूंकडे जेवण. मामीने कतीफच्या बाजारातली सुरमई केलेली. मी सहज विचारलं, ॲप कसं वाटलं लोकांना?

"तुझ्या ॲपचं काम मीच उरकलं गो! सगळ्यांचे फोन खाटेवर मांडले. ओटीपी आला की दाब हो, ओटीपी आला की दाब हो. जेवणं व्हायच्या आत खलास."

"त्यांना विचारलंत का, मामू?"

"काय विचारायचं? इकाम्याचं मीच करतंय, घरी पैसे धाडायचं मीच करतंय, तिकिटं मीच काढतंय. मग ह्यालाच काय विचारू?"

हातातला घास ताटात ठेवला. मी इथे नवी आले तेव्हा माझा इकामाही, इथला राहण्याचा परवाना, त्यांनीच बघितला होता आणि ओटीपी मीच त्यांना फोनवर ओरडून सांगितला होता. म्हणजे मला माहीत होतं! आणि तरी ओटीपी आला की माणूस स्वतः आला, असं लिहून बसले. डोंबलाची वकिलीण.

जेवायला युसुफही होता, दापोलीकडचा वेल्डर. डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली. चाचणीत कॅमेऱ्याने त्याला झोपाळू ठरवून दोनदा बसमधून उतरवलं. दोन्ही दिवस बिनपगारी. मला हळूच म्हणाला, "आपा, मला नाय म्हणायला येत होतं?"

तसं बटण होतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. मामू त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे मी बोलतो साहेबाशी." मामूंवर रागावताही येत नाही. कॅम्पमध्ये त्यांच्याइतकं कुणी कुणासाठी करत नाही.

रवि., ९, रियाध

खरं लिहिलं तर क्लायंट विचारणार, बटण कुणी दाबलं? मामूंची नोकरी जाईल. नाही लिहिलं तर युसुफ उतरवला जात राहील, माझ्या सहीने. एकच पान तीनदा उघडून मिटलं. ऑफिसात दोघांवर उगाच खेकसले.

निसार म्हणतो, "नाव लिहू नकोस, नुसती पद्धत लिही." माझ्या इंजिनियर नवऱ्याला वाटतं, माणूस काढून घेतला तरी पद्धत उरते.

मंगळ., ११

लिहिलं. संमती ग्राह्य नाही, एका व्यक्तीने सर्वांच्या वतीने दिलेली. कॅमेरा बंद ठेवा. एकेकाला वेगळं बसवून, त्याच्या भाषेत समजावून पुन्हा विचारा.

फ.नी चष्मा काढला. "ही एक व्यक्ती कोण?"

"कोणत्याही कॅम्पात जा, असंच चालतं."

"ते विचारतीलच."

"विचारू देत!" आवाज चढला माझा. त्यांनी गहव्याचा, अरबी कॉफीचा, पेला पुढे सरकवला. त्यांना कळलंय, मला वाटतं. मी सही केली, ओपिनियन गेलं.

मामूंना आधी सांगायला हवं. उद्या सकाळी.

बुध., १२

नाही केला फोन. सकाळी मीटिंग, मग साराची शाळा, मग... मीटिंग कसली, भ्याले.

गुरु., १३

मामूंचाच फोन. आवाज नुसता फुललेला.

"अगो, हेड ऑफिसातनं विचारणा आली, ॲपचं काम कुणी केलं म्हणून. सगळे गप्प. म्हटलं, मीच! रविवारी बोलावलंय साहेबांनी. बक्षीसबिक्षीस असणार. आणि हां, सांगून टाकलं, ॲपवाली वकिलीण माझी भाची."

"मामू, ऐका ना..."

"ते ऱ्हाऊ दे. आधी सांग, शर्ट कुठला घालू?"

मागून मामी ओरडली, निळा सांग गो, निळा.

निळा, म्हटलं.