योनाच्या छताखालची भिंत

गोर्लिट्झ

प्रिय भगिनी फ्रीडलिंडे,

प्रभूच्या कृपेची छाया तुझ्यावर असो.

आपल्या प्रबोधनकालीन घरात आता बिऱ्हाडे होत आहेत. तुझ्या-माझ्या बिऱ्हाडांमधील भिंतीसाठी बायबलमधल्या योना संदेष्ट्याच्या कथेचे चित्रित छत कापणार होते. त्याला गिळणारा मासा तुझ्याकडे, देवाने त्याला जायला सांगितलेले निनवे शहर माझ्याकडे. मी नकार दिला, तेव्हा भिंतीअभावी तुझे बिऱ्हाडच रद्द होऊ लागले.

अखेर वास्तुविशारद नोआकबाई म्हणाल्या, "भिंत हातभर खाली थांबवू, वर काच बसवू. पण पाळकबाबा, तुमचं घोरणं पलीकडे ऐकू जाईल हं! शेजारणीची संमती आणा."

"बहीणच आहे, बालपणापासून ऐकते आहे," मी म्हणालो.

गुडघा कसा आहे? लिफ्ट बसली आहे. संमती लवकर कळव. योनासारखी निनवे टाळून उलट दिशेच्या जहाजात बसू नकोस.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला प्रभू निवारा आणि सोबत देवो.

तुझा बंधू,
ट्राउगोट