बदकाची कादंबरी आणि ती न वाचलेला धाकटा भाऊ

मी, निवृत्त दंतवैद्य, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. "बाबा, हे असलं काही लिहू नका," असा मुलीचा दबाव होता, तो मी जुमानलेला नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या एक मुलीस.

२. दवाखान्यातली दात काढायची खुर्ची गल्लीच्या टोकाच्या वाचनालयास, बालविभागासाठी. ड्रिल आधी काढून घ्यावे.

याचे कारण नोंदवणे भाग आहे. माझी पत्नी वारली तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. तेवीस दिवस ती एक अक्षर बोलली नाही. मला मुलांशी बोलायचं म्हणजे "आ कर" एवढंच ठाऊक. पत्नी तिला एक कादंबरी वाचून दाखवत असे, ती अर्धी राहिली होती. दवाखान्यातला दिवा चांगला म्हणून मुलीला या खुर्चीत बसवून मी पुढे वाचू लागलो. गोष्ट अशी: आई गेल्यावर घरातलं लंगडं बदक आईच्या खुर्चीवर ठाण मांडतं. धाकटी बहीण त्याला खाऊ घालते, थोरली हाकलते. बाप रोज चार कप चहा करतो आणि चौथा गुपचूप स्वतःच पितो. थोरली बदकावर झाडू उगारते, त्या पानावर माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तिला बदकाचा राग नाही आलेला."

मी उठून हात धुतले. बराच वेळ धुतले.

३. त्यानंतर प्रत्येक रोग्याला मी त्यातलं एक प्रकरण ऐकवलं. तोंड उघडं असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. काही रोगी कायमचे पळाले, हे मान्य. पण एक बसड्रायव्हर तीनदा आला. "दात ठणठणीत आहे, डॉक्टर. बदकाचं पुढे काय झालं तेवढं सांगा." कपाटातल्या एकवीस प्रतींपैकी एक त्यास द्यावी, उरलेल्या मागेल त्यास. मुलांचं पुस्तक म्हणून मोठ्यांनी नाक मुरडू नये. मीही मुरडलं होतं.

४. सर्व पकडी व चिमटे दवाखान्यातल्या सिस्टरला. मोठ्या पकडीवर तिचा डोळा आहे. तिच्या फाटकाची कडी अडकते.

५. धाकटा भाऊ, फरशीचा दुकानदार. गेल्या वर्षी त्याची बायको गेली. मी भेटायला गेलो, पण दारातूनच कादंबरी त्याच्या हातात कोंबली आणि परतलो. महिन्याने त्याने ती आणून दिली. "आवडली, दादा. शेवटी बदक परत येतं ते छान."

बदक परत येत नाही.

"तू वाचलीच नाहीस," मी म्हणालो.

"माझी बायको गेली आणि तू मला बदकं वाचायला देतोस?"

तेव्हापासून अबोला. सबब, वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ त्यास सिस्टरसमोर या कादंबरीची तोंडी परीक्षा दिल्यावरच मिळावे. प्रश्न अकरा. नापास झाल्यास पुन्हा बसता येईल.

६. कलम पाच रद्द. सिस्टरने ते त्याच्या कानावर घातलं. आज सकाळी तो दवाखान्यात आला, तडक खुर्चीत बसला आणि आ वासला.

"काय दुखतंय?"

"काही नाही. तू वाच. मला एकट्याला वाचवत नाही, दादा. पहिल्याच पानावर आई जाते, तिथे मी पुस्तक मिटतो."

वर्षभर मी याला आळशी समजत होतो. मी पहिलं प्रकरण वाचलं. तो तोंड मिटायचं विसरला. जाताना घड्याळ त्याच्या पिशवीत घातलं.

कादंबरीची एकोणीस प्रकरणं आहेत. रोज एकच वाचायचं ठरलं आहे. तेवढे दिवस हे मृत्युपत्र अमलात येऊ नये, अशी संबंधितांस विनंती.

सही: निवृत्त दंतवैद्य
साक्षीदार: १. सिस्टर २. शेजारचा चष्मेवाला
स्थळ: दवाखान्याची बाहेरची खोली
दिनांक: नऊ, मंगळवार