सुनेच्या तळहातावरचा कापूस

घाटंजी. वैशाखातला सोमवार, दिवेलागण.

घराच्या छपरावरचे कवेलू काढून पत्रा घालायला माझंच मन घेत नव्हतं. कवेलूंवर पाऊस लागला की मला शाळेतल्या कविता आठवतात, त्या मी हळू आवाजात म्हणत बसतो. पत्र्याच्या आवाजात त्यांचं काय होणार? पण चांगला भाव येईल म्हणून घरात ठेवलेला कापूस गेल्या साली गळतीनं भिजला, हेही खरंच.

आज मिस्त्रीनं अंगणात दोन पत्र्यांच्या उभ्या कडा एकमेकींत दुमडून दाखवल्या. वर खिळ्याचं एक भोक नाही! मी जोडावर तांब्याभर पाणी ओतलं. खाली सूनबाई तळहातावर कापूस घेऊन बसलेली.

"मामाजी, कोरडा हाय! आता कायले अडून राह्यले?"

"अन् माह्या कविता?"

"मोठ्यानं म्हना. आता तं चुलीपाशी अर्ध्याच आयकू येतात."

म्हणजे इतकी वर्षं ती ऐकत होती?

तो कापूस मी पुन्हा दाबून पाहिला. कोरडाच. उद्या मिस्त्रीला हो म्हणतो. घसा मात्र आजपासूनच साफ करायला हवा.