आत्याची दुसरी खुर्ची

४ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

काल तुमच्या भत्ता खात्याचा तपासनीस आला होता. आल्या आल्या विचारलं, घरात खुर्च्या किती? म्हटलं दोन, एक माझी, एक ह्यांची. हे गेले तरी खुर्ची काही मी हलवली नाही. तो तिच्यावरच ऐसपैस बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, दुसरी खुर्ची म्हणजे पाहुणे येतात, पाहुणे म्हणजे ऐपत आहे, ऐपत आहे तर भत्ता बंद! मी म्हटलं, अहो, पाहुणे तुम्हीच. तर म्हणतो, बघा, कबूल केलंत.

भत्ता थांबला तर खोलीचं भाडं कुठून देऊ रे? तू तिथला कारकून, काहीतरी खटपट कर. आणि वेळेवर जेव. फोटोत गालफडं बसलेली दिसली.

लोभ असू दे. तपासनिसाला दिसणार नाही असा ठेव.

तुझी आत्या

९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. तो नियम मीच लिहिलाय. साहेबांना खर्च आटोक्यात आणायचाय आणि लोकांना स्वतःच्या पायावर उभं करायचंय, म्हणून खरा गरजू ओळखायची सोपी खूण त्यांनी मागितली. मी डोळे मिटून तुझी खोली आठवली. खुर्ची एकच दिसली. दुसरीवर मी बसून अभ्यास करायचो, मग ती मला कशी दिसणार?

साहेब नियमावर इतके खूष आहेत की बदलायचं नावच काढत नाहीत. फेरतपासणीपर्यंत खुर्ची कुठेतरी लपव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा बारक्या

२१ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

खुर्ची वरच्या शिंपीणबाईंकडे ठेवली, तर तपासनीस आधी त्यांच्याकडेच गेला. बाईंनी ती मागच्या दाराने घड्याळजींकडे ढकलली, घड्याळजींनी समोरच्या मास्तरांकडे. सगळ्या इमारतीत खुर्ची पळतेय आणि मागून तपासनीस! शेवटी ती जिन्यात उभी राहिली, तिथे ती कुणाच्याच घरातली नाही. माझ्याकडे पोचेपर्यंत बिचाऱ्याला धाप लागली होती. मी माझ्या खुर्चीवरून उठले नाही. त्याने उभ्याउभ्याच माझी पाठ थोपटली, मला आदर्श गरजू ठरवलं आणि भत्ता पुन्हा चालू केला.

भाड्याची काळजी मिटली. पण खिडकीपाशी तिची रिकामी जागा बघवत नाही. ह्यांच्याइतकाच तूही तिथून उठून गेल्यासारखं वाटतं.

तुझं कौतुक आहे, पण पुन्हा नियम लिहू नकोस.

तुझी आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

योजना फारच यशस्वी झाली. भत्ता घेणारे उरलेत मोजके, त्यामुळे कारकूनही जास्त झाले. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि नोकरी संपल्याचं सांगितलं. निरोपाच्या भाषणात म्हणाले, आता हाही स्वतःच्या पायावर उभा राहील. मी उभाच होतो, खुर्ची सकाळीच नेली होती.

खोली सोडावी लागतेय. तुझ्याकडे आलो तर खुर्च्या दोन होतील आणि तुझा भत्ता जाईल. म्हणून येत नाही. एका मित्राच्या दुकानात झोपायची सोय होईल. काळजी करू नकोस.

आठवण ठेव, तेवढी पुरे.

तुझा बारक्या

६ एप्रिल

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

मित्राच्या दुकानात झोपतोस? लाज नाही वाटत? आत्या मेली की काय?

जिन्यातली खुर्ची मी आणि शिंपीणबाईंनी धरून आत आणली, पुसली, खिडकीपाशी ठेवली. तपासनिसाला बोलावून मीच सांगितलं, लिहा, खुर्च्या दोन. त्याला रडूच आलं. आदर्श गरजू त्याच्याकडे मी एकटीच होते म्हणे. आता त्याचीही नोकरी जाणार. म्हटलं, अहो, टेकायला जिना आहे.

भत्ता गेला तर गेला. शिंपीणबाई काजं-बटणांचं काम द्यायला तयार आहेत. काजं मी करीन, बटणं तू लावशील. भाड्यापुरतं होईल. तुझे साहेब म्हणतील योजनेचं यश. म्हणू देत.

पत्रातून लोभ पुष्कळ झाला. आता ये आणि बस.

तुझी आत्या