घरच्या माणसाची बोली

बाबांच्या लाडक्या शिष्येस,

लिलावात तू हात वर केलास आणि माझं डोकं फिरलं. बाबा गेल्यावर ताईने त्यांचं पुस्तकबांधणीचं सगळं सामान विकायला काढलं, तेव्हा मी गप्प होतो. पण ज्या टेबलावर तू त्यांच्याकडून पुस्तकं शिवायला शिकलीस, जिथे समोर बसून मी अभ्यासाचं सोंग केलं, ते तू नवऱ्याला शेजारी बसवून मागावंस? मी चढी बोली लावली. तू थांबलीस. हातोडा पडला.

"नाव सांगा," लिलाववाले म्हणाले. सांगितलं, तर हसले. "अहो, तुम्ही तर वारस. घरच्यांची बोली आम्ही धरत नाही. टेबल त्या बाईंचं."

"कॉलेज अर्धवट सोडलंस, निदान लिलावाचे नियम तरी पूर्ण वाचायचेस," ताई म्हणाली. तुझं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी मी परीक्षेतून उठून आलो होतो, हे तिला अजून माहीत नाही.

आज चार वाजता तू टेबल न्यायला येणार. त्याच टेबलावर बसून हे लिहितोय. ते बाबांसाठी घेतलंस की माझ्यासाठी, एवढंच विचारायचंय. सकाळपासून तीनदा निघालो आणि तीनदा परत येऊन बसलो. पण थांबलो तर मी विचारणारच, आणि तुला नवऱ्यादेखत उत्तर द्यावं लागेल. पत्र खणात ठेवलं तर तोच आधी उघडेल, म्हणून खिशात घालतो. दार ओढलं की कुलूप आपोआप लागतं, आणि किल्ली ताईकडे आहे; चौथ्यांदा परत येता येणार नाही. मी दार ओढून घेतो.

तुझा म्हणायची सोय न उरलेला,
मी