माळ्यावरची काठी

मंगळवार, ११ मार्च. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. गावच्या जंगल समितीच्या खोलीत पेन्सिलीला टोक काढत बसलो आहे.

प्रिय दादा,

परवा सभेत तुझा तोडीचा आराखडा वाचला गेला. जंगल सगळ्यांचं, म्हणून प्रत्येकाला बोलायचं होतं. सरपणवाल्या मावशी म्हणाल्या, वाळल्या फांद्या तेवढ्या मला सोडा, तुमचं शास्त्र तुम्हाला लखलाभ. मेंढपाळ काकांना वाटतं, झाडं विरळ केली की गवत वाढेल. सुतारमामा म्हणाले, आजवर आपण अंदाजाने तोडत आलो, आता आपलाच पोरगा मोजून तोडायला सांगतोय. बाबांची मान इतकी ताठ झाली की मला ती अवघडेल याचीच काळजी वाटली.

मी मागे पाणी देत होतो. सहा वर्षं या जंगलात वणवे विझवले, चोरांच्या कुऱ्हाडी धरल्या. पण तुला काय वाटतं, असं मला कुणी विचारलं नाही. मामा एवढंच म्हणाले, धाकट्या, तूही शिकला असतास तर! आठवीत शाळा मी माझ्या मर्जीने सोडली, हे मला ठाऊक आहे. तरी ते बोलणं दोन दिवस डोक्यातून जात नाही. आई तुझं प्रत्येक पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेते, आणि मी मनातल्या मनात तुझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसतो. तेवढंच माझं मोठेपण.

ऑक्टोबरात तू मला मोजणी दिलीस. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा म्हणालास आणि उंची चुकू नये म्हणून काठी कापून दिलीस. मला झोंबलं. मला काय छाती नाही? काठी माळ्यावर फेकली आणि सगळी झाडं माझ्या छातीशी मोजली. माझी छाती तुझ्या काठीपेक्षा वीतभर खाली येते, हे लक्षात आलं नाही, असं लिहिणार होतो. पण आलं होतं. खाली बुंधा जाड असतो, आणि कुठलं झाड तोडायचं ते घेरावरूनच ठरतं. त्यामुळे कोवळी झाडंही माझ्या वहीत तोडण्याजोगी झाली. उद्या जंगल उघडं पडलं की लोक म्हणतील, शिकलेल्यालाही कळत नाही. ते ऐकायची मला हाव सुटली होती.

काल पहाटे मामा कुऱ्हाडींना धार लावत होते. येत्या सोमवारी तोड आहे. मी जंगलात गेलो. ओढ्याकाठच्या ज्या रोपाला लहानपणी आपण दोघांनी काट्यांचं कुंपण घातलं होतं, त्याच्यावरही माझ्या वहीवरून मारलेला तोडीचा लाल पट्टा होता. घरी येऊन काठी काढली आणि दिवसभर मोजत राहिलो. आज दहाला समितीसमोर उभा राहून हे सगळं सांगणार आहे. त्याआधी तुला लिहायला हवं होतं. पत्र सातच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो. रविवारपर्यंत ये. जाड बुंध्याभोवती टेप एकट्याने फिरत नाही, दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं.

माझ्या छातीशी मोजलेली झाडं ४१२. काठीने पुन्हा मोजलेली ८७. त्यांतले पुसायचे लाल पट्टे २९. मोजायची बाकी ३२५.

तुझाच,
धाकटा