चिंचेची नखं

आई, तुझ्या नखांबद्दल लिहायचं आहे. तू म्हणशील, एवढी वर्षं झाली मला जाऊन आणि हिला आत्ता नखं आठवली. आठवत होती गं, रोजच आठवत होती. बोलायची लाज वाटत होती.

मी बारामतीला डी.एड.ला होते तेव्हाची गोष्ट, नव्वदीतली. शिमग्याच्या आगेमागे तू सांगवीहून रोज बारामतीला चिंचेच्या शेडवर जायचीस. दिवसभर मांडी घालून लोखंडी दांडक्यानं चिंच फोडायची, शिरा ओढायच्या, चिंचोके काढायचे. दोन-तीन महिने तुझी दहाही नखं काळी असायची. मला ती बघवायची नाहीत. आमच्या पुस्तकात लिहिलं होतं, नखांत जंतू असतात, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला मला तेवढं पुरलं. नखावर पांढरा ठिपका आला की नवं कापड मिळतं, असं तू म्हणायचीस. मी हसून सांगायचे, कॅल्शियम कमी पडलंय. पुढं कळलं की तो ठिपका बहुतेकदा नखाला कधीतरी बसलेल्या माराचा असतो, त्याचा कॅल्शियमशी संबंध नाही आणि कापडाशी तर नाहीच. म्हणजे चुकत दोघी होतो. पण तुझ्या समजुतीनं कुणाला इजा झाली नाही.

बावड्याचे पाहुणे मला बघायला येणार होते, त्याच्या तीन दिवस आधी मी तुला दारात उजेडाला बसवलं. घमेल्यात गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि हातात अर्धं ब्लेड. तुझे हात भिजत ठेवले आणि नखं पार मांसापर्यंत कापली. वरून खरवडली. काळं जाईना तसा माझा राग वाढत गेला. तू हात मागं घेत म्हणालीस, "आगं, त्यो मळ न्हाय. चिच आन् लोखंड एक झालं की रंग धरतोय. हंगाम सपला की नख वाढंल तसा जातोय आपसूक." मी म्हणाले, "तुला काय कळतंय?" मग नखाच्या बुडाशी जी पातळ कातडी असते, ती मेलेली असते आणि तिथंच घाण साठते असं मीच ठरवलं, आणि तीही कापली. रक्त आलं. तू पदरात बोटं धरलीस आणि एवढंच म्हणालीस, "झालं का तुझं?" दुसऱ्या दिवशी त्याच बोटांनी तू पुन्हा चिंचेला बसलीस.

पाहुणे आले त्या दिवशी तुझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखुरडं झालं होतं. बोटं टम्म फुगलेली, पू धरलेला, रात्रभर ठणका. ठणका कमी व्हावा म्हणून लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालतात, तशी दोन लिंबं दोन बोटांवर घेऊन तू पोहे केलेस. मला आजही दिसतंय. तू वाकून बशी ठेवते आहेस, डाव्या हातानं, आणि मुलाची आत्या विचारते आहे, "बोटांस्नी काय झालं वं?" मी मान खाली घालून बसले आहे. तू सांगतेस, "नखुरडं झालंय. चिचंचं काम, माझंच ध्यान न्हाय ऱ्हायलं." तिथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "किती वेळा सांगते हिला, नखं स्वच्छ ठेव म्हणून. ऐकतच नाही." आत्या खूश झाली. "पोरगी टापटिपीची हाय," म्हणाली. तू लिंबांसकट हात पदराखाली घेतलास आणि म्हणालीस, "व्हय, लई टापटिपीची हाय."

माझं लग्न ठरलं ते त्या वाक्यावर. तुझा तो हंगाम बुडाला, आणि मधल्या बोटाचं नख पुन्हा आलं ते वाकडंच. माझ्या हळदीला तू त्याच हातानं मला हळद लावलीस. पुढं मी शाळेत दर सोमवारी पोरांची नखं तपासली, आणि चिंचेच्या दिवसांत काळ्या नखांच्या पोरींना पट्टीही मारली. तू गेल्यावर दोन वर्षांनी शाळेत तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. माझ्यासमोर एका पोरीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, हा डाग आहे, घाण नव्हे. आणि बुडाची कातडी कधी कापू नका, ती नखाचं दार असते, ती गेली की जंतू आत शिरतात. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी खिडकीकडे बघितलं.

ह्यांना अजून ती बघण्याची गोष्ट सांगायला आवडते. परवाही सुनेला कौतुकानं सांगत होते, आईलासुद्धा ठणकावणारी मुलगी म्हणून. मी चहा गाळत राहिले.

हे पत्र कुठं टाकणार? आणि तुला वाचता कुठं येत होतं. मामाची पत्रं आली की मीच वाचून दाखवायचे, तसं हेही मलाच वाचावं लागलं असतं. खरं सांगू आई? "किती वेळा सांगते हिला" इथपर्यंत आले असते ना, की तेवढी ओळ मी गाळली असती.